मागच्या खोलीतली भरती

मला वाट बघता येत नाही. लिफ्ट आली नाही तर मी बटण सतरा वेळा दाबते, कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच गॅसपाशी जाऊन उभी राहते, आणि समोरच्याचं वाक्य लांबलं तर ते मीच संपवून टाकते. बाबांना अर्धांगाचा झटका आला, त्यांची वाचा गेली, तेव्हा सगळ्यात जास्त हाल माझेच झाले असं मला वाटायचं. काय निर्लज्जपणा! पण खरं तेच सांगते. त्यांना काय हवंय ते मी ओळखायचं, ओळखता आलं नाही की मीच चिडायचं, असे आमचे दिवस चालले होते.

बाबा सारसोळ्याचे नाखवा. स्वतःची होडी, चाळीस वर्षं खाडीतली मासेमारी. शाळेची पायरी चढले नाहीत, सहीच्या जागी अंगठा. त्यामुळे वाचा गेल्यावर पाटीवर लिहून दाखवायचीही सोय नव्हती. उजवी बाजू लुळी पडलेली. उजवा हात मांडीवर ठेवला की तो मी उचलेपर्यंत तिथेच. आई केव्हाच गेली, मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी जवळच्याच एका शाळेत सकाळच्या पाळीला क्लार्क आहे. दीडपर्यंत एक बाई बाबांपाशी थांबतात, त्यानंतर मी.

दवाखान्यात डॉक्टर दर वेळी विचारायचे, "आजोबा, आज वार कोणता? सोमवार असेल तर मान हलवा." बाबा त्यांच्या तोंडाकडे बघायचे, मग छताकडे. मान हलायची नाही. मंगळवार? नाही. बुधवार? तेच. शेवटी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "समज किती उरलीय ते आत्ता सांगता येणार नाही. पण उजव्या हाताला काम द्या. आता नाही हलला तर पुढे अवघड आहे." मी त्यातलं पहिलंच वाक्य घेऊन घरी आले. हात हलेल न हलेल, पण आत बाबा आहेत की नाहीत? रात्रंदिवस डोक्यात तेच. त्यांना भरवताना मी त्यांच्या डोळ्यांत बघायचे आणि मला भीती वाटायची.

त्यात त्यांना एक नवीन खोड लागली होती. डाव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांवर फिरत राहायचा. करंगळीवरून वर, मग पुढच्या बोटावर. डॉक्टर म्हणाले, होतं असं, झटक्यानंतर काही सवयी लागतात. मला ते बघवायचं नाही. मी तो हात हळूच चादरीखाली सरकवून द्यायचे.

व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली, त्यांना आवडेल असं काहीतरी दोन्ही हातांत द्या. रबरी चेंडू दिला, तो त्यांनी कॉटखाली सोडून दिला. शेवटी शाळेतल्या एका बाईंच्या घरी धूळ खात पडलेला गेमिंग कन्सोल मी घेऊन आले. जुनं मशीन, टीव्हीला जोडायचं आणि हातातल्या रिमोटने खेळायचं. त्यात होडीचा एक खेळ होता. एका होडीत दोघं, एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने जाळं ओढायचं. मासे परदेशी, त्यातला एकही आमच्या बाजारात दिसणार नाही. मी सुकाणू धरायचे आणि होडी खडकावर घालायचे. बाबा तिसऱ्या दिवशी कंटाळले. मी नाखवा असते तर मीही कंटाळले असते.

तेव्हा मला काका आठवले. काका म्हणजे बाबांचे होडीतले भागीदार, चाळीस वर्षं एकाच फळीवर बसलेले. आता मुलाकडे कळंबोलीला असतात, लोखंड बाजारापलीकडे, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. खुबा मोडल्यापासून खाली उतरलेले नाहीत, आणि कान ठार गेलेले. एकाला ऐकू येत नाही, एकाला बोलता येत नाही. फोन लावून काय करणार, एकमेकांचा श्वास ऐकणार? तोही एकानेच. पण त्यांच्या मुलाकडे अस्साच कन्सोल होता. इंटरनेटवरून दोन घरांतले दोघं एका होडीत बसू शकतात, हे मला काकांच्या सुनेने सांगितलं. मी तिला वहिनी म्हणते. मी उडालेच. त्याच रात्री ठरवून टाकलं, या दोघांना पुन्हा होडीत बसवायचं.

बोलायला सोपं. आमचं घर गावठाणातलं. चारी बाजूंनी लोकांच्या भिंती, गल्लीतून स्कूटी जाईल एवढीच वाट. इंटरनेटची वायर पुढच्या खोलीत येते आणि बाबांची कॉट मागच्या खोलीत. पूर्वी त्या खोलीच्या खिडकीतून खाडी दिसायची, आता शेजाऱ्यांच्या चार मजली इमारतीची भिंत दिसते, प्लास्टर न केलेली. वायफाय त्या खोलीपर्यंत येता येता मरतं, आणि या जुन्या मशीनला तर ते दिसतही नव्हतं. नेरुळच्या दुकानदाराने एक अ‍ॅडॉप्टर दिला. एका बाजूने मशीनमध्ये खुपसायचा, दुसऱ्या बाजूला लांबलचक नेटची केबल लावायची, ती राउटरपर्यंत न्यायची. मी केबल दोन खोल्यांतून भिंतीच्या कडेकडेने चिकटपट्टी लावत नेली. देव्हाऱ्याच्या मागूनही गेली ती. गणपती बाप्पा, माफ कर.

त्या दिवशी संकष्टी होती, मला उपास. वहिनींना सुट्टी होती म्हणून आम्ही दुपारी तीनची वेळ ठरवली. तीनला मी मशीन सुरू केलं. पडद्यावर आलं, जोडणी यशस्वी. पण काकांचा पत्ता नाही. तीन पाच. तीन दहा. मी अ‍ॅडॉप्टर काढला, फुंकर मारून घातला. पुन्हा काढला, पुन्हा घातला. तिसऱ्यांदा घातला आणि सव्वातीनच्या सुमारास होडीत दुसरा माणूस येऊन बसला. काकांनी कानाला मुलाचा माइक लावलेला होता. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, टीव्ही फुटतो की काय!

"नाखवा! पानी भरलंय रं, सोड होरी!"

बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसलं, पण हसले. आणि काकांनी सुकाणू वळवलं तसा बाबांचा उजवा अंगठा, तोच तो लुळा अंगठा, रिमोटच्या दांडीवर सरकला. एवढासा. मी बघितलं. मी ओरडलेच, "बाबा, हलला! तुझा अंगठा हलला!" अर्धा तास खेळले दोघं. संध्याकाळी बाबांनी दोन वाट्या पेज संपवली, आणि मी चंद्रोदयाची वाट न बघता मोदकाचा एक तुकडा तोंडात टाकला. वाट बघता येत नाही म्हटलं ना.

दुसऱ्या दिवशी बरोब्बर तीनला आम्ही तयार. जोडणी यशस्वी. काका नाहीत. मी कालचाच उपाय केला, अ‍ॅडॉप्टर काढला, घातला, काढला, घातला. साडेतीन झाले. वहिनी ऑफिसात, फोन उचलेनात. बाबा पडद्याकडे बघतही नव्हते, अगदी शांत बसले होते, अंगठा बोटांवर फिरत होता. मी वैतागून मशीन बंद केलं आणि केबल तपासायला पुढच्या खोलीत गेले. चारच्या सुमारास मागून धाड धाड आवाज. बाबा डाव्या हाताने कॉटच्या दांड्यावर मारत होते. मी लघवीचं भांडं घेऊन धावले. नको. पाणी दिलं. नको. टीव्हीकडे हात केला म्हणून बातम्या लावून दिल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "अगं, सासरे तर म्हणतायत, कालच्यासारखाच बसलो होतो टीव्हीसमोर! मलाच विचारतायत, नाखवा कुठाय म्हणून. तुमचंच नेट बघा."

आमचंच नेट! म्हणजे अ‍ॅडॉप्टर खोटारडा. तोंडाने यशस्वी म्हणायचं आणि माणूस काही पोचवायचा नाही. मी तो परत केला आणि दुसरा आणला, बोटभर लांबीचा, बिनवायरचा, दोन शिंगं असलेला. तिसऱ्या दिवशी तीनला तो लावला. जोडणी यशस्वी, काका नाहीत. साडेतीनला मी तो उपटला. इंटरनेटवाल्याला फोन लावला, त्याने आपल्या बाजूने सगळं ओके असल्याचं सांगितलं, आणि मी त्याला माझ्या बाजूने काय ओके नाही ते दहा मिनिटं सांगितलं. पावणेपाचला बाबांनी पुन्हा दांडा वाजवला. चहा पुढे केला तर कप हाताने लोटला. चहा माझ्या साडीवर, चादरीवर, नव्या अ‍ॅडॉप्टरच्या शिंगांवर.

"बाबा, गप बस की जरा! तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं!"

चौथ्या दिवशी मी तिसरा प्रकार आणला. ही जोडी असते. एक ठोकळा राउटरपाशी विजेच्या सॉकेटमध्ये, दुसरा मागच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये, आणि इंटरनेट म्हणे घराच्या विजेच्या तारांतूनच जातं. आता तर भिंतीच आपल्या बाजूच्या झाल्या, म्हटलं. तीनला हिरवे दिवे लागले. काका नाहीत. माझं डोकं आऊट. मी वायरींचा गुंता मांडीवर घेऊन जमिनीवर बसले आणि रडले. उजवा अंगठा त्या दिवसानंतर हलला नव्हता. मला वाटत होतं, दारं एकेक करून बंद होतायत, आणि मी आपली चुकीच्या किल्ल्या फिरवत बसलेय.

साडेपाचला पुन्हा धाड धाड. मी आत गेले. बाबांनी टीव्हीकडे हात केला, मग माझ्याकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. तोंडातून नुसता घोगरा आवाज. आणि मी, त्यांची लेक, मी म्हणाले, "काही नाहीये तिथे! कुणी येत नाहीये! तुला काही कळतं का रे, कळतं का काही?"

त्यांनी हात खाली घेतला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या संध्याकाळी पेजेचा चमचा ओठांना लावला तरी तोंड उघडलं नाही. मी वाटी झाकून ठेवली. माझं ते 'कळतं का काही' मला आजही कुणी ऐकवलं तर मी कान झाकून घेईन.

सात वाजता वहिनींनी फोटो पाठवला. त्या दिवशी त्या अर्ध्या दिवसाने घरी आल्या होत्या. फोटोत काका टीव्हीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत, कानाला माइक, हातात रिमोट, आणि पडद्यावर होडीत एकटाच माणूस. खाली लिहिलं होतं, "बघ, असे बसून होते. तुम्ही लोक येतच नाही. सासरे जाम रागावलेत." फोटो काढल्याची वेळ होती साडेपाच.

मी लगेच फोन लावला. "वहिनी, तीनला का नाही बसवत त्यांना?"

"मी कुठे बसवते? ते त्यांच्या मनाने बसतात. दुपारभर सोफ्यावर झोपले होते, एकदम उठले आणि म्हणाले, चला, टायम झाला."

"आणि काल?"

"काल मी ऑफिसात. शेजारीण म्हणत होती, पाचच्या आधी आरडाओरडा ऐकला, नाखवा, नाखवा."

काल पाचच्या आधी. पावणेपाचला माझ्या साडीवर चहा सांडला होता. आज साडेपाच. परवा चार. मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. रोज पाऊण तास पुढे. हे गणित मी लहानपणी रोज बघितलं होतं, आणि एकदाही केलं नव्हतं. बाबा घरातून कधीच घड्याळाच्या वेळेला निघायचे नाहीत. आज दोनला निघाले तर उद्या पावणेतीनला, परवा साडेतीनला. पाणी भरल्याशिवाय होडी चिखलातून सुटत नाही, आणि पाणी रोज पाऊण तास उशिरा भरतं. चाळीस वर्षांत या दोघांनी एकमेकांना एकदाही वेळ सांगितली नाही. दोघंही पाण्यावर यायचे, बस. संकष्टीला काकांना सांगितलं तीन, ते आले पाणी भरल्यावर. पुढे त्यांनी विचारायचं काय? जशी होडी, तसा खेळ. त्या खेळातल्या समुद्राला भरती-ओहोटी नाही, हे दोघांपैकी कुणालाच महत्त्वाचं वाटलं नाही.

आणि कळंबोलीत कुठली आलीय खाडी! चौथ्या मजल्यावरून दिसतात ते ट्रक. काका तिथीवर चालले होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्या आळीत शेंबड्या पोराला माहीत असायचं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. संकष्टी, चतुर्थी, चाराचे पाऊणपट तीन. आज सप्तमी, सव्वापाच. तिथी मोजायच्या कशावर, तर बोटांच्या पेरांवर, करंगळीपासून वर.

मग मला चादरीखाली सरकवलेला तो हात आठवला.

मी मागच्या खोलीत गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी कॉटवर बसले आणि म्हटलं, "बाबा, चुकले मी. तू भरती मोजत होतास ना?" ते वळले नाहीत. चांगलेच रागावले होते. मला त्या रागाचा एवढा आनंद झाला की काय सांगू. राग यायला आत माणूस लागतो.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. मी पुन्हा पहिलाच अ‍ॅडॉप्टर आणला, केबलवाला, दुकानदार माझ्याकडे कसा बघत होता ते सोडा. पावणेसहाला बाबांना उशा लावून बसवलं. केस विंचरले, धुतलेला शर्ट घातला, रिमोट दोन्ही हातांत दिला. सहाला मशीन सुरू. जोडणी यशस्वी. होडीत आम्ही एकटे.

सहा दोन. सहा पाच. गणित चुकलं का? काका खरंच रागावून बसले की काय? सहा सातला मी उठले, खिडकीपाशी गेले, भिंत बघून परत आले. सहा दहा. हा अ‍ॅडॉप्टरच मेला पनवती आहे, एकदा काढून घालू या, एकदाच. मी मशीनवर वाकले, हात पुढे केला, दोन बोटं अ‍ॅडॉप्टरवर ठेवली.

माझ्या मनगटावर काहीतरी पडलं. जड आणि कोमट. मी वळून बघितलं, तर बाबांचा हात. उजवा. रिमोट मांडीवर पडला होता आणि त्यांनी हात उचलून माझ्या मनगटावर टाकला होता. बोटं वळत नव्हती नीट, पण धरायचा प्रयत्न चालला होता. त्यांनी मान हलवली. नाही. थांब.

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा असेल. तसंच ओणवं राहून, पाठीला रग लागेपर्यंत. सहा बारा, सहा तेरा. बाबा पडद्याकडेही बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते, जिथे भिंत आहे. सव्वासहाला होडी हलली.

"नाखवा! तीन दिस भरतीवर येऊन बसतंय मी! तू कुठं मेला व्हतास रं?"

पाव तास. साडेपाचच्या फोटोतही तोच पाव तास होता, मी तो हिशेबात धरलाच नव्हता. पाऊणपटीचं गणित सगळ्या किनाऱ्याचं. आमची खाडी आत आहे, इथे पाणी उशिरा पोचतं. चाळीस वर्षं जे त्या पाण्यावर उभे होते, त्यांना ते ठाऊक होतं. मी त्याच गल्लीत जन्मले आणि मला दुकानदाराने सांगितलेलं तेवढंच ठाऊक होतं. काकांना माझं काही ऐकू जाणार नव्हतं, तरी मी माइक नसलेल्या टीव्हीसमोर हात जोडून म्हटलं, "काका, बाबा आलेले हो रोज, मीच आणलं नाही."

बाबांनी रिमोटकडे मान केली, दे म्हणून. मी दिला. काकांनी सुकाणू वळवलं, बाबांनी जाळं ओढलं. अंगठा हळूहळू सरकत होता, चार वेळा चुकून एकदा बरोबर. पेज त्या रात्री मी गरम करून दिली, ते जेवले.

सकाळी शाळेत जायच्या आधी मी त्यांच्यापाशी बसले. घाई होती, पण बसले. वार विचारला नाही. म्हटलं, "बाबा, आज तिथी कोणती?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी होडीत उभी राहिले की बघायचे. मग डावा हात चादरीतून बाहेर काढला, आणि अंगठा मधल्या बोटाच्या सगळ्यात वरच्या पेरावर नेऊन ठेवला. मी करंगळीपासून मोजलं. तीन, सहा, नऊ. उठून कॅलेंडर बघितलं. नवमी होती.

"मग पावणेसात," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

"बरं बाबा, सात," मी म्हटलं, आणि शाळेला निघाले.